नवं-जुनं करायचं, की कर्जमाफीची वाट बघायची?

वाशिम जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं घेऊन देते:

"मॅडम, आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, सातबारा यांच्या नावावर. गावच्या सहकारी सोसायटीचं १ लाख ४० हजारांचं पीक कर्ज आहे. दरवर्षी मार्चमध्ये गावातल्याच एकाकडून महिन्याला शेकडा पाचने पैसे उचलतो, सोसायटी भरतो आणि नवीन कर्ज हातात आलं की त्याचे परत करतो. दहा दिवस वापरले तरी तो पूर्ण महिन्याचं व्याज धरतो. यांची सही असलेला एक कोरा बॉन्ड पेपर त्याच्याकडे आहे. यंदा सोयाबीन काढायच्या वेळी पाऊस लागला. एकरी चार क्विंटल झालं, ४,१०० ने गेलं. त्यातले ४५ हजार शिल्लक आहेत, सहा क्विंटल तूर घरात आहे. हे म्हणतात, यंदा भरायचंच नाही, माफी होणार. सासूबाई म्हणतात, नेहमीसारखं नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून लगेच नवं कर्ज, करून मोकळे व्हा. माझ्या दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालते, बचत गटात आहे. माझ्या नावावर जमीन नाही, तरी मला काही कर्ज मिळेल का? आणि घरात रोज यावरून वाद होतो, तर नेमकं करावं काय?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला एक गठ्ठा आठवला. मी सत्तावीस वर्षं बँकेत शेतीकर्जाचं काम केलं. नोकरीच्या सुरुवातीला एका मार्चमध्ये एक काका कापडी पिशवीतून नोटा काढून काउंटरवर ठेवत होते. गठ्ठ्याला लाल रबर बँड होतं आणि वरच्या नोटेच्या कडेला पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता. चौथ्या दिवशी नवीन कर्ज मंजूर होऊन काका पैसे काढायला आले. बाहेर एक माणूस मोटारसायकलवर बसून होता. काकांनी पैसे मोजून त्याच्या हातात दिले, त्याने खिशातून तेच लाल रबर बँड काढून गठ्ठ्याला लावलं आणि निघून गेला. दुपारी दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या पिशवीतून तोच गठ्ठा, तेच रबर बँड माझ्यासमोर आलं. आमच्या कागदावर दोन्ही खाती वेळेत फिटलेली होती. वसुली शंभर टक्के. ते बघून मला रात्री झोप लागली नव्हती, आणि आज तुमचं पत्र वाचून पुन्हा तसंच वाटलं.

आधी तुमच्या यांचा आणि सासूबाईंचा हिशोब समजून घेऊ, कारण दोघंही वेड्यासारखं बोलत नाहीत. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज ७ टक्के दराने मिळतं. वेळेत फेडलं की केंद्र सरकार ३ टक्के सोडतं. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तिच्यात २०२१ पासून ३ लाखांपर्यंत आणखी ३ टक्के मिळतात. म्हणून वेळेत फेडणाऱ्याला कर्ज जवळजवळ शून्य टक्क्याने पडतं. तुमच्या १ लाख ४० हजारांवर या दोन्ही सवलती मिळून वर्षाला ८,४०० रुपये होतात. शिवाय खातं थकलं की नवीन कर्ज बंद, म्हणजे जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर. त्यामुळे सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे: सावकाराला ७,००० दिले तरी नवं-जुनं केलेलं परवडतं.

पण तोच आकडा उलटीकडून बघा. सरकारने तुम्हाला दिलेले ८,४०० रुपये. त्यातले ७,००० दहा दिवसांत त्याच्या खिशात गेले. जवळजवळ शून्य टक्क्याचं कर्ज तुम्हाला पाच-सहा टक्क्यांना पडलं. आणि हे दरवर्षी. पाच वर्षांचे ३५ हजार होतात, ताई. एवढ्यात तुमची आणखी एखादी वगार गोठ्यात आली असती.

मुळात हे पेरणीचं कर्ज आहे. पेरणीला निघायचं आणि पीक आलं की पिकातून परत यायचं, एवढंच त्याचं काम. तुमच्याकडे सोयाबीनचे पैसे नोव्हेंबरात आले, तूर माघात घरात आली, आणि कर्ज मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम आठवलं. मधल्या चार महिन्यांत पैसे घरात फिरले, खर्चले गेले आणि मग भरण्यासाठी पुन्हा उचलले. यात तुमचा दोष काढत नाही. कुणी सांगितलंच नाही की सोसायटीत तुकड्या-तुकड्याने भरता येतं. नोव्हेंबरात २० हजार भरले तर त्या दिवसापासून तेवढ्याचं व्याज थांबतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं किसान क्रेडिट कार्ड असेल तर आणखी सोपं आहे. ते खातं विहिरीसारखं आहे, भरलेलं पाणी पुन्हा शेंदता येतं, मंजूर मर्यादेत कितीही वेळा. हे कार्ड १९९८ साली निघालं ते याचसाठी, की शेतकऱ्याने दरवर्षी नव्याने अर्ज घेऊन दारात उभं राहू नये.

यंदा काय करायचं ते आता सांगते.

सगळ्यात आधी सोसायटीच्या गटसचिवांकडे जा आणि दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पहिली, केंद्राच्या आणि राज्याच्या सवलतीसाठी तुमच्या खात्याची शेवटची तारीख नेमकी कोणती. सगळे मार्चएंड म्हणतात म्हणून आपणही म्हणतो, पण आपल्या खात्यावर काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघावं. दुसरी, तुमचा तालुका अतिवृष्टीबाधित म्हणून जाहीर झाला आहे का. झाला असेल तर पीक कर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, म्हणजे यंदाचं कर्ज हप्त्यांत फिरवून मिळतं आणि नव्या हंगामाला नवीन कर्जही मिळतं. पुनर्गठन आपोआप होत नाही, संमतीपत्र द्यावं लागतं. बरेच शेतकरी "माफीतून नाव जाईल" या धास्तीने सही करत नाहीत, आणि खातं तसंच थकीत होतं. एक मात्र पक्कं डोक्यात ठेवा. स्थगिती म्हणजे वसुली थांबली, व्याज थांबलं नाही.

पुनर्गठन बसत नसेल, तर शिल्लक ४५ हजार आजच भरा. घरात ठेवलेले पैसे लग्नकार्यात आणि दवाखान्यात जातात, मार्चपर्यंत टिकत नाहीत. तुरीचे सहा क्विंटल हमीभाव केंद्रावर नोंदवा. त्यासाठी ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीकनोंदणीत, तूर लागलेली असली पाहिजे, नसेल तर बाजारात विका. क्विंटलला ७,००० धरले तरी ४२ हजार आले. म्हणजे ८७ हजार तुमच्या स्वतःच्या पिकातून भरले गेले. उरले ५३ हजार. एवढ्यासाठी तुमच्या बचत गटाकडे जा. तुमच्या गटात महिन्याला शेकडा दोन असेल असं धरते. एका महिन्याचे १,०६० रुपये. सात हजारांच्या जागी हजार. आणि ते हजारही तुमच्याच गटात राहतात.

गटातून उचलायच्या आधी गटसचिवांना विचारा, भरल्यानंतर नवीन कर्ज किती दिवसांत हातात येतं, त्यातून सोसायटीच्या शेअर्सची कपात किती. नवं-जुनं करताना लोक बुडतात ते इथे. जुनं भरलं जातं, नवं लांबतं, आणि एका महिन्याचे तीन महिने होतात. गटाला हे आधीच मोकळेपणाने सांगा. पुढच्या वर्षी हे ५३ चे ३० करायचे, त्याच्या पुढच्या वर्षी शून्य. एका वर्षात होणार नाही, पण तीन वर्षांत होतं. मी अशी घरं बघितली आहेत.

पुढच्या हंगामासाठी अजून एक सोय सांगून ठेवते. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्या दिवसाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के वार्षिक व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तुमचं वीस क्विंटल सोयाबीन ४,१०० ने ८२ हजारांचं. त्यावर ६१,५०० मिळाले असते, तीन महिन्यांचं व्याज हजाराच्या आत. माल तुमचाच राहतो, भाव चढला तर विकायचा. सगळ्याच बाजार समित्या ही योजना मनापासून चालवत नाहीत, म्हणून दिवाळीआधीच तुमच्या समितीत जाऊन गोदामात जागा आहे का ते विचारा. ओला माल घेत नाहीत, वाळवूनच न्यावा लागतो.

आता यांचं म्हणणं, माफी होणार.

कर्जमाफी झाल्या आहेत, खोटं कशाला बोलू. २००८ ला केंद्राची झाली, २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ला महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. शेतकऱ्याला ती मिळू नये असं मला कधीच वाटलं नाही. ज्याच्या मालाला भाव नाही त्याचं कर्ज थकणारच. पण माफी कशी बसते ते बघा. २००८ मध्ये पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांना थोडे कमीच. विदर्भातले सात-आठ एकरांचे कोरडवाहू शेतकरी, ज्यांच्या नावाने सगळा आक्रोश झाला होता, त्यातले कितीतरी त्या रेषेच्या पलीकडे राहिले. २०१७ च्या योजनेत ३० जून २०१६ ला थकीत असलेली खाती धरली, दीड लाखापर्यंत. २०१९ ला ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी धरली, दोन लाखांपर्यंत. दोन्ही वेळा तारीख मागचीच होती. आज मुद्दाम थकवून उद्याच्या यादीत नाव येईल, असा हिशोब कुणालाच मांडता येत नाही. उलट २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं. ते मिळायला उशीर लागला, पण भरणारा पूर्ण कोरडा राहिला नाही.

आणि थकवल्यावर जून कोरडा जातो हे विसरू नका. माफीची वाट बघत खातं थकीत ठेवलेल्या माणसाला पेरणी थांबवता येत नाही. तो पुन्हा त्याच शेकडा पाचवाल्याकडे जातो, आणि या वेळी दहा दिवसांसाठी नाही, दिवाळीपर्यंत. पन्नास हजार उचलले तर पाच महिन्यांत साडेबारा हजार व्याज. त्याला कुठलीही माफी लागू होत नाही.

तुमच्या म्हशींचं आता बोलू, मला त्यात जास्त आशा दिसते. होय, तुम्हाला तुमच्या नावावर कर्ज मिळू शकतं, सातबारा नसला तरी. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही लागू झालं आहे. गोठा आणि जनावरं तुमच्या ताब्यात असली की पुरे, गोठा भाड्याचा असला तरी चालतो. हे पैसे पेंड, चारा, औषधपाणी, मजुरी यासाठी, म्हणजे चालू खर्चासाठी. म्हैस विकत घेणं यात बसत नाही, त्याला मुदत कर्ज लागतं आणि त्याचा अर्ज वेगळा. शाखेत पहिल्याच दिवशी "म्हैस घ्यायची आहे" म्हणालात तर साहेब तुम्हाला दुसऱ्याच रांगेत उभं करतील. म्हणून "दोन दुधाळ म्हशींच्या खाद्यासाठी केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, हवं" असं नेमकं सांगा. एका जनावरामागे किती रक्कम द्यायची ते दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. पशुपालनाच्या कार्डावर २ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज आहे, वेळेत भरलं तर ४.

सोबत न्यायचं ते असं: आधार, पॅन, फोटो, बँकेचं पासबुक, म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर आणि डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या. त्या पावत्या फेकत असाल तर आजपासून एका दोऱ्यात ओवून ठेवा. डेअरीचा चुकारा रोख घेत असाल तर तो तुमच्या स्वतःच्या खात्यावर घ्यायला लागा. सहा महिने नियमित जमा दिसली की अधिकाऱ्याचा बोलण्याचा सूर बदलतो, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने बघितलं आहे.

१ जानेवारी २०२५ पासून शेती आणि पूरक व्यवसायाच्या २ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३ लाखांपर्यंतच्या कार्डाला प्रक्रिया शुल्क नाही. कागद पूर्ण असले तर १४ दिवसांत निर्णय द्यायचा आहे. म्हणून अर्जाची पोच घ्याच, तारखेसह. पोच नसली की चौदा दिवस कधी सुरूच होत नाहीत. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, आवाज चढवू नका. लेखी मागितलं की निम्म्या वेळा नकाराचा होकार होतो. मग जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे व्यवस्थापक आहेत, त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.

यांच्या पीक कर्जाची मर्यादाही एकदा तपासून घ्या. हिशोबापुरतं धरू की सोयाबीनचा कर्जदर, म्हणजे हेक्टरी किती कर्ज द्यायचं तो आकडा, ६० हजार ठरला आहे. दोन हेक्टरांचे १ लाख २० हजार. किसान क्रेडिट कार्डात त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी १० टक्के, अवजारं-मोटर दुरुस्तीसाठी २० टक्के धरतात. म्हणजे १ लाख ५६ हजार, वर विम्याचा हप्ता. बसत असेल आणि सोसायटीचं सगळं फेडून बाकी नसल्याचा निल दाखला मिळत असेल, तर कार्ड असलेल्या बँकेत जाण्याचा विचार करा. दोन्हीकडे एकाच जमिनीवर उचलू नका.

आणि सातबारा. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती निर्णयाने नवरा हयात असताना बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. हे आजच्या वादात काढू नका. पण काढा नक्की.

शेवटी तो बॉन्ड पेपर. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ती आहे. १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं बाहेर काढून जाळली, ती याच कागदांसाठी. पुढे १८८४ चा तगाई कर्जाचा कायदा आला, सरकारने शेतकऱ्याला पेरणीचा पैसा द्यायला सुरुवात केली. दीडशे वर्षं झाली, सोसायटी दारात आली, तरी कोरा कागद अजून दुसऱ्याच्याच कपाटात आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ. परवाना नसेल तर सगळाच व्यवहार गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे होते. व्याजात लिहून घेतलेली जमीनसुद्धा चौकशीनंतर परत मिळाल्याची उदाहरणं आहेत.

पण गावात राहायचं आहे, रोज तोंड बघायचं आहे, हे मला कळतं. म्हणून तक्रार हा शेवटचा उपाय ठेवा. आज तुमच्याकडे त्याचं एक रुपयाही येणं नाही, गेल्या वर्षीचं तुम्ही चुकतं केलंत. कागद मागायची वेळ हीच आहे. मार्चमध्ये पुन्हा पैसे उचललेत की तोंड बंद झालं. यांना एकटं पाठवू नका. सोबत गावातलं एक शहाणं, मध्यस्थीचं माणूस न्या, पोलीस पाटील किंवा यांचे मोठे भाऊ. "हिशोब पूर्ण आहे, आमचा कागद द्या," एवढंच म्हणायचं, मागची वर्षं उगाळायची नाहीत. दिला तर उलटसुलट बघा, सही यांचीच आहे ना, मजकूर कोरा आहे ना, त्याची झेरॉक्स कुठे नाही ना ते विचारा, आणि तिथेच त्या सगळ्यांसमोर फाडा. "सापडत नाही" म्हणाला तर हिशोब पूर्ण झाल्याचं दोन ओळींत लिहून त्याची सही घ्या, मध्यस्थाची साक्ष घ्या. तेही दिलं नाही, तर मला पुन्हा पत्र लिहा. उपनिबंधकांकडचा अर्ज आपण मिळून लिहू.